तुर्कमान घराण्यांचीं सचित्र नाणीं व त्यांचे सूचीकार

तैग्रिस व युफ्रातिस या नद्यांच्या वरच्या अंगाच्या मुलुखास अरब लेखक 'अल्-जझीरा', म्हणजे बेट, असें म्हणत. इ. स. च्या बाराव्या व तेराव्या शतकांत अर्तुकी व झंगी या तुर्क घराण्यांनीं या मुलुखांत तांब्याचीं जीं मोठीं सचित्र नाणीं पाडलीं, त्यांच्याइतकीं संग्राहकांच्या आवडीचीं नाणीं मध्ययुगीन इस्लामी जगांत क्वचितच दुसरीं असतील. ग्रीक राजांचीं मस्तकें, बिझंटाइन बादशहा, मेरी व ख्रिस्त, राशिचक्रांतील धनुर्धारी, दुतोंडी गरुड, चंद्रकोर धरून बसलेला पुरुष, अशीं चित्रें ज्या नाण्यांवर आहेत त्यांच्याच दुसऱ्या बाजूस खलीफाचें नांव व मुसलमानी बिरुदें कोरलेलीं असावींत, ही गोष्टच अशी आहे कीं पाहणाराचें मन तिच्यावर जडावें. या नाण्यांवर आजवर झालेल्या सूचींचा येथें विचार करावयाचा आहे. त्या सूची चांगल्या आहेत. कांहीं तर फार चांगल्या आहेत. तथापि त्यांत चित्रानें लेखास मागें ढकललें आहे आणि त्यामुळें इतिहासाची हानि झाली आहे, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगण्यापूर्वीं विषयाची थोडी ओळख करून देणें जरूर आहे.

अर्तुक हा सल्जुक सुलतानांच्या चाकरींतील एक तुर्कमान सरदार. त्याच्या वंशजांनीं हिस्न कैफा, मार्दीन व खर्तपर्त येथें निरनिराळ्या गाद्या स्थापिल्या. पैकीं हिस्न कैफाच्या शाखेस पुढें आमिद, म्हणजे हल्लींचें दियारबकर, हें शहर सलाहुद्दीनाकडून इ. स. ११८३ मध्यें मिळालें. ती शाखा इ. स. १२३२ च्या सुमारास अय्यूबींनीं बुडविली. मार्दीनची शाखा मात्र इ. स. १४०९ पर्यंत टिकून राहिली. झंगी घराण्याचा मूळ पुरुष इमादुद्दीन झंगी हा इ. स. ११२७ मध्यें मोसलचा अताबेग झाला. त्याच्या मुलांनातवांत मोसल, हलब, सिंजार व जझीरत इब्न उमर अशी वांटणी झाली. हीं सर्व राज्यें लहान. आज एकाचें मांडलिकत्व पत्करावें, उद्यां दुसऱ्याचें, हाच त्यांचा जगण्याचा मार्ग होता. सिक्का व खुतबा कोणाच्या नांवाचा, हा प्रश्न त्यांच्या दरबारांत वारंवार उभा राही. आमच्या सर्व विवेचनाचा भार या एका गोष्टीवर आहे.

नाणीं बहुतेक दहा ते पंधरा ग्रॅम वजनाचीं, म्हणजे ढोबळ मानानें तोळाभर, व चांगलीं रुंद असतात. अकराव्या शतकापासून पूर्वेकडील इस्लामी देशांत रुप्याची मोठी टंचाई पडली होती. रुप्याचे दिर्हम व्यवहारांतून जवळजवळ नाहींसे झाले, त्या पोकळींत हें तांबें आलें. मार्दीनच्या एका नाण्यावर तर 'हा दिर्हम' असे शब्द असून, जो त्याला खोटें ठरवील तो शापित, अशा अर्थाचें वचनही आहे. तांब्याच्या तुकड्यास दिर्हम म्हणवून घेण्यासाठीं शापाचा आधार घ्यावा लागला! सराफ तें नाणें कोणत्या भावानें घेत असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. आधुनिक सूचीकार मात्र या सर्वच तांब्याच्या नाण्यांस सरसकट 'दिर्हम' म्हणतात, व तें नांव राजाच्या आज्ञेनें चाले कीं बाजाराच्या संमतीनें, याची चौकशी करीत नाहींत.

आतां चित्रांविषयीं. पहिलीं चित्रें बहुतांशीं जुन्या नाण्यांवरून उचललेलीं आहेत. मार्दीनच्या हुसामुद्दीन तिमुरताशच्या नाण्यावर सिल्यूकिड राजाच्या धाटणीचें मस्तक आहे. त्याचा मुलगा नज्मुद्दीन अल्पी याच्या नाण्यावर मेरी ही बिझंटाइन बादशहास मुकुट घालीत आहे. कुत्बुद्दीन ईलगाझीच्या नाण्यावर हिराक्लियस व त्याचा पुत्र यांचे अर्धपुतळे आहेत. नूरुद्दीन महमूद हा क्रूसवाल्यांशीं आजन्म झगडलेला अत्यंत धर्मनिष्ठ पुरुष. त्याच्याही एका तांब्याच्या नाण्यावर दोन बादशाही आकृति व उभा ख्रिस्त आढळतो. आनातोलियांतील दानिशमंदी तुर्कांनीं तर त्याहून पुढची मजल मारली. त्या घराण्याच्या मलिक मुहम्मदानें आपलें नांव व 'सर्व रोमानिया व पूर्वेचा थोर मलिक' हें बिरुद ग्रीक लिपींत व ग्रीक भाषेंत कोरविलें.

हें पाहून कित्येक युरोपीय लेखकांस आश्चर्याचा धक्का बसला व त्यांनीं नाना तर्क केले. आमच्या वाचकांस त्यांत फारसें नवल वाटण्याचें कारण नाहीं. मुहम्मद बिन साम घोरी याच्या सोन्याच्या नाण्यावर बसलेली लक्ष्मी आहे व तिच्या पाठीमागील बाजूस नागरींत त्याचें नांव आहे. उत्तर हिंदुस्थान जिंकणाऱ्या या पुरुषानें लक्ष्मीची भक्ति पत्करली असें कोणी समजत नाहीं. प्रजेच्या हातांत जें नाणें मुरलें होतें त्याचाच आकार त्यानें पुढें चालू ठेविला एवढेंच. जझीरेंतील प्रजेंत सिरियन व आर्मीनियन ख्रिस्ती पुष्कळ, आणि बिझंटाइन तांबें तेथें पिढ्यान्पिढ्या फिरलेलें. सर्वच चित्रांचा उलगडा या एका किल्लीनें होत नाहीं हें खरें, पण पहिल्या पिढीच्या नाण्यांपुरती ती पुरेशी आहे.

सूचींकडे वळूं. या विषयाचा पाया स्टॅन्ले लेन-पूल यानें घातला. अर्तुकी तुर्कमानांच्या नाण्यांवरील त्याचा निबंध इ. स. १८७५ मध्यें व ब्रिटिश म्यूझियममधील पौरस्त्य नाण्यांच्या सूचीचा तिसरा खंड इ. स. १८७७ मध्यें प्रसिद्ध झाला. इ. स. १८९४ मध्यें इस्तंबूलच्या सरकारी संग्रहालयांतील तुर्कमान नाण्यांची सूची गालिब एदहेम यानें काढली. नंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं अमेरिकेंत विल्यम स्पेंग्लर व वेन सेल्स या दोन संग्राहकांनीं तुर्कमानांच्या सचित्र तांब्याच्या नाण्यांवर दोन खंड लिहिले. पहिला, अर्तुकींचा, इ. स. १९९२ मध्यें व दुसरा, झंगींचा, इ. स. १९९६ मध्यें. आज लिलावाच्या प्रत्येक यादींत या दोघांच्या आद्याक्षरांपुढें जो अनुक्रमांक दिसतो तो याच ग्रंथांतील होय.

लेन-पूलची रचना साधी आहे. आधीं घराणें, मग राजा, मग हिजरी सन. त्याचें अरबीचें ज्ञान उत्तम असल्यामुळें लेखाचें वाचन त्याच्या सूचींत प्रमुख राहिलें. त्याचा दोष असा कीं तो म्यूझियमच्या पेटींत जें होतें त्यापलीकडे जाऊं शकत नव्हता. स्पेंग्लर व सेल्स यांनीं तें क्षेत्र फार वाढविलें. एकेका प्रकारास स्वतंत्र प्रकरण, मोठें छायाचित्र, लेखांचें वाचन व भाषांतर, सनांचे व ठशांचे पोटभेद, आणि चित्राच्या मूळाचा शोध, इतकें सर्व त्यांनीं एकत्र आणलें. हा विषय नवख्यास हातीं धरतां यावा असें पुस्तक त्यापूर्वीं नव्हतें. अरबी न जाणणारा मनुष्यही त्यांच्या आधारानें आपलें नाणें ओळखूं शकतो, हा त्यांचा उपकार लहान नव्हे.

परंतु प्रकार ठरविण्याची त्यांची कसोटी चित्र ही आहे. चित्र बदललें कीं नवा अनुक्रमांक. लेख बदलला, सार्वभौम बदलला, तर तो केवळ पोटभेद. संग्राहकास हें सोयीचें आहे, कारण त्यास प्रत्येक चित्राचा एकेक नमुना पाहिजे असतो. एकदां तो मिळाला कीं त्याच्या पेटींतील तो खांचा भरला. तेंच चित्र दुसऱ्या सार्वभौमाच्या नांवानें पुन्हां समोर आलें तर तें 'दुबार' म्हणून परत विक्रीस जातें. इतिहासाच्या दृष्टीनें हें अगदीं उलट झालें.

मोसलचें उदाहरण घेऊं. दोन्ही हातांनीं चंद्रकोर धरून मांडी घालून बसलेल्या पुरुषाचें चित्र इज्जुद्दीन मसऊद याच्या हि. स. ५८५ च्या नाण्यावर आहे, व तेंच चित्र हि. स. ६२७ मध्यें नासिरुद्दीन महमूदाच्या नाण्यावर पुन्हां येतें. चित्रें जवळ जवळ ठेवून पाहणारास त्यांत मोसल शहराचें कांहीं चिन्ह असावें असें वाटतें व तें कदाचित् बरोबरही असेल. पण नाणें उलटून पाहा. सलाहुद्दीनानें मोसलला वेढे घातले, शहर पडलें नाहीं, आणि शेवटीं इ. स. ११८६ च्या मार्च महिन्यांत तह होऊन मसऊदानें सलाहुद्दीनाचें नांव खुतब्यांत व नाण्यांवर घालण्याचें कबूल केलें. पहिलें नाणें हें त्या तहाची अंमलबजावणी होय. दुसऱ्या नाण्यावर सलाहुद्दीनाचे पुतणे अल्-कामिल व अल्-अश्रफ यांचीं नांवें आहेत. आणि ज्या महमूदाच्या नांवें तें पाडलें तो लहानपणीं गादीवर बसविलेला नामधारी राजा असून खरी सत्ता बद्रुद्दीन लुलु याच्या हातीं होती. पेशवाईंत पाडलेल्या शिवराईवर छत्रपतींचेंच नांव चालत राहिलें, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांस हा प्रकार समजावून सांगावयास नको. हि. स. ६३१ मध्यें महमूदाचें नांव गेलें व लुलुचें आलें. पुढें मोंगलांचें वादळ जवळ आलें तेव्हां याच लुलुनें मोंगू खानाचें नांव आपल्या नाण्यांवर घातलें. सलाहुद्दीनापासून मोंगू खानापर्यंत मोसल कोणापुढें कसें वांकत गेलें याचा हा राज्यांतच कोरलेला, सन घातलेला पुरावा आहे. बखरकार आपल्या धन्याचें मांडलिकत्व झांकूं शकतो. टांकसाळीस तें शक्य नव्हतें.

मार्दीनचा नासिरुद्दीन अर्तुक अर्सलान याचें राज्य हि. स. ५९७ पासून ६३७ पर्यंत, म्हणजे हिजरी हिशेबानें चाळीस वर्षें चाललें. त्याच्या तांब्यावर कधीं अल्-आदिल, कधीं अल्-कामिल, तर कधीं रूमचा सल्जुक सुलतान कैकुबाद यांचीं नांवें येतात. या राजाचीं नाणीं चित्रवार लाविलीं तर धनुर्धारी, मस्तकें, बसलेला राजा अशी एक रम्य चित्रमाला होते. तींच सार्वभौमवार व सनवार लाविलीं तर अय्यूबी व सल्जुक या दोन जात्यांच्या पाळींत सांपडलेल्या एका लहान संस्थानिकाचें राजकारण डोळ्यांसमोर उभें राहतें. ही दुसरी मांडणी स्पेंग्लर व सेल्स यांच्या पुस्तकांतून काढतां येते, पण ती वाचकास स्वतः काढावी लागते. पोटभेदांच्या कोष्टकांत जें दडलें आहे तेंच मुख्य होतें.

या लेखकद्वयाचा दुसरा मोठा विशेष म्हणजे ज्योतिषपर अर्थ. येथें आम्हांस त्यांना निम्में श्रेय द्यावयाचें आहे. अर्तुक अर्सलानच्या हि. स. ५९९ च्या नाण्यावर अश्वदेही धनुर्धारी मागें वळून स्वतःच्याच शेपटावर बाण सोडीत आहे, आणि त्या शेपटाच्या टोंकास अजगराचें जबडा वासलेलें तोंड आहे. याचें मर्म विली हार्टनर यानें इ. स. १९३८ च्या आपल्या निबंधांत उलगडलें. चंद्रमार्गाचे जे दोन पात, ज्यांस आपण राहु व केतु म्हणतों, त्यांस मुसलमान ज्योतिषी अजगराचें शिर व पुच्छ म्हणत. पैकीं पुच्छाचें उच्चस्थान धनु रास मानलें जाई. म्हणून धनुर्धाऱ्याच्या शेपटास अजगर. हार्टनरनें आपल्या निबंधांत हिंदु मूर्तिशिल्पांतील राहु-केतूंचाही विचार केला आहे, तेव्हां आपल्याकडील मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनीं तो अवश्य पाहावा. एवढ्यापुरता ज्योतिषपर अर्थ निःसंशय सिद्ध आहे.

पण एक कुलूप उघडलें म्हणून तीच किल्ली सर्व दारांस लावूं नये. दोन मस्तकें दिसलीं कीं मिथुन, सिंह दिसला कीं सूर्याचें घर, अशी जी संवय या पद्धतीच्या अनुयायांस लागली आहे ती घातक आहे. हिराक्लियस व त्याचा पुत्र यांचीं मस्तकें बिझंटाइन नाण्यावरून उचललेलीं दिसत असतां त्यांत तारे शोधणें म्हणजे दाराशीं असलेली विहीर सोडून पाण्यासाठीं रान धुंडणें होय. आमिदच्या नासिरुद्दीन महमूदाच्या नाण्यावरील दुतोंडी गरुडाचेंही तसेंच. तोच गरुड त्यानें इ. स. १२०८ च्या सुमारास आमिदच्या तटाला बांधलेल्या बुरुजांवर दगडांत कोरलेला आहे. जें चिन्ह राजा आपल्या तटावर लावतो तेंच नाण्यावर घालतो, याहून अधिक स्पष्टीकरण येथें लागत नाहीं.

मार्दीनच्या हुसामुद्दीन यूलुक अर्सलान याच्या हि. स. ५८९ च्या नाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यावर चार आकृति आहेत. मधली बसलेली, बाजूच्यांचे हात वर गेलेले. हा सलाहुद्दीनाच्या मृत्यूचा शोक होय असें पुष्कळ दिवस चालत आलें आहे. सलाहुद्दीन त्याच वर्षाच्या सफर महिन्यांत, इ. स. ११९३ च्या ४ मार्च रोजीं, दमास्कस येथें वारला. तेव्हां सन जुळतो. मार्दीनकर त्याचे मांडलिक होते, तेव्हां प्रसंगही जुळतो. परंतु सन जुळणें हा पुरावा नव्हे, पुराव्याची परवानगी होय. मांडलिकानें आपल्या सार्वभौमाच्या मरणाचें चित्र नाण्यावर घालावें ही अपूर्व गोष्ट आहे व अपूर्व गोष्टीस दुसरें उदाहरण किंवा समकालीन लेख पाहिजे. तो मिळेपर्यंत या नाण्यास 'शोकाचें नाणें' हें नांव सूचींतून काढून टाकावें व 'चार आकृतींचें नाणें' असें म्हणावें. विक्रेते तें ऐकणार नाहींत हें आम्ही जाणतों.

विक्रेत्यांवरून आठवण झाली म्हणून रूमच्या सल्जुकांच्या एका प्रसिद्ध नाण्याविषयीं दोन शब्द लिहितों. दुसरा कैखुस्रौ याच्या हि. स. ६३८ ते ६४१ या काळांतील रुप्याच्या दिर्हमांवर सिंह व त्याच्या पाठीवर मनुष्यमुखी सूर्य आहे. सुलतानाचें आपल्या जॉर्जियन राणीवर अतिशय प्रेम, तिचें मुख नाण्यावर घालावें असें त्याच्या मनांत आलें, लोकांनीं त्यास परावृत्त केलें, तेव्हां त्यानें पत्रिकेच्या निमित्तानें सिंह व सूर्य घातले, अशी कथा बार हेब्रेउस या सिरियन इतिहासकारानें दिली आहे. तो त्याच शतकांतला, इ. स. १२८६ मध्यें वारलेला. म्हणून कथा अगदींच टाकाऊ नाहीं. पण तिचा उपयोग असा होतो कीं या नाण्याबरोबर प्रत्येक ग्राहकास एक प्रेमकथा फुकट मिळते व नाणें वाचण्याचे श्रम वांचतात. वास्तविक सिंहाच्या वरच खलीफाचें नांव आहे. खलीफा अल्-मुस्तन्सिर हि. स. ६४० मध्यें वारला व अल्-मुस्तअसिम गादीवर आला, तेव्हां ही बातमी कोन्या व सिवास येथील टांकसाळींत केव्हां पोंचली हें याच दिर्हमांवरून तपासतां येतें. हि. स. ६४१ लागून आठवडा झाला नाहीं तोंच, इ. स. १२४३ च्या २६ जून रोजीं, कोसे दाग येथें मोंगलांनीं कैखुस्रौचा फडशा पाडला. त्या सनाचा सिंह-सूर्य दिर्हम म्हणजे जवळजवळ नक्की त्या पराभवानंतरचा. राणीच्या मुखापेक्षां आम्हांस हा सन अधिक बोलका वाटतो.

आतां संग्रहाविषयीं. संग्राहकांची निंदा करणें सोपें आहे व अन्यायाचें आहे. जझीरेंतील नाण्यांचे पुष्कळसे पोटभेद प्रथम संग्राहकांनींच ओळखले. तांबटाच्या मुशींत गेलीं असतीं तीं नाणीं त्यांनीं वांचविलीं. शिवराया वजनावर मोडींत गेल्याचें ज्यांनीं पाहिलें-ऐकलें आहे त्यांनीं तरी ही गोष्ट विसरूं नये. परंतु संग्रह व सूची यांमध्यें एक गोष्ट बहुधा हरवते, ती म्हणजे नाणें कोठें व कशाबरोबर सांपडलें. मार्दीनचें तांबें मोसलच्या बाजारांत चाले कीं नाहीं? एका राज्याचा दिर्हम दुसऱ्यांत गेला कीं तांब्याच्या भावानें मोजला जाई? या प्रश्नांस नाण्यावरील लेखांत उत्तर नाहीं. कांहीं नाण्यांवर बारीक शिक्के मागाहून मारलेले असतात, कांहीं दुसऱ्याच्या नाण्यावरच पुन्हां ठसा मारून पाडलेलीं असतात. त्यांवरून थोडें कळतें. बाकीचें केवळ जमिनींतून निघालेल्या ठेव्यांवरून कळेल. पण ठेवा निघाला कीं फोडला जातो, तेजाबानें घासला जातो, आणि चित्र उठावदार असेल तीं नाणीं एकीकडे व झिजलेलीं दुसरीकडे जातात. स्टीफन आल्बम याच्या इस्लामी नाण्यांच्या यादींत (तिसरी आवृत्ति इ. स. २०११) प्रत्येक प्रकारापुढें दुर्मिळतेचीं अक्षरें आहेत. ती यादी हाताशीं ठेवण्याजोगी आहे, परंतु तीं अक्षरें बाजारांतील दुर्मिळता सांगतात. जझीरेंत तें नाणें किती निघालें व किती चाललें, याच्याशीं त्यांचा संबंध नाहीं, आणि अनेक लेखक तो संबंध गृहीत धरून चालतात.

येथें कायद्याचाही प्रश्न आहे. तुर्कस्तानांत इ. स. १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्यानें जमिनींत सांपडणारी पुरावस्तु राज्याची मालमत्ता ठरली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें इ. स. २०१५ च्या फेब्रुवारींत केलेल्या २१९९ क्रमांकाच्या ठरावानें इराकांतून ६ ऑगस्ट १९९० नंतर व सिरियांतून १५ मार्च २०११ नंतर बेकायदा बाहेर गेलेल्या पुरावस्तूंचा व्यापार बंद केला. मार्दीन, आमिद व हिस्न कैफा हीं तुर्कस्तानांत, मोसल व सिंजार इराकांत, हलब सिरियांत. म्हणजे ज्या नाण्यांविषयीं आम्ही लिहीत आहों तीं सर्व या दोन नियमांच्या कक्षेंत येतात. तेव्हां नव्या सूचीकारानें 'जुन्या संग्रहांतून' एवढ्या दोन शब्दांवर भागवूं नये. कोणत्या जुन्या, कोणत्या सालच्या, आणि त्यास पुरावा काय, हें वजन व सनाच्या शेजारींच छापावें. ज्यास हें छापतां येत नसेल त्यानें तें नाणें चित्रफलकावर घेऊं नये. चार सुंदर नमुने कमी झाले तरी चालेल.

हिस्न कैफाचें जुनें गांव इलिसू धरणाच्या जलाशयांत इ. स. २०२० मध्यें बुडालें. अर्तुकींच्या त्या राजधानीच्या पायथ्याच्या मातींतून आतां कोणी पुराविद् तांब्याचें नाणें आपल्या हातानें उचलून त्याचा थर नोंदवील ही आशा राहिली नाहीं. तेथील नाण्यांविषयीं जी माहिती शिल्लक आहे ती जुन्या संग्रहांच्या कप्प्यांत, नाण्याखालच्या कागदी पाकिटांवर, कोणी तरी पेन्सिलीनें लिहून ठेवलेल्या गांवाच्या नांवांत व विक्रेत्याच्या तारखेंत आहे. संग्रह विकतांना हीं पाकिटें फेकून देऊन नाणीं नव्या स्वच्छ डब्यांत घालण्याची चाल पडली आहे. ती बंद व्हावी, आणि पाकिटावरील अक्षर जसेंच्या तसें, अशुद्धांसह, सूचींत उतरवून घेतलें जावें.